चौदाशे ओळींचं फंक्शन

“मोठ्यानं वाच मुंगे, आणि जिथे दम लागेल तिथे तोड. तोडलेल्या तुकड्याला असं नाव दे, की आत डोकावायची गरजच पडू नये.”

हे प्रोग्राम लिहायला शिकवणाऱ्या ताईंचं सांगणं. ‘मुंगी’ हे नावही त्यांनीच ठेवलेलं. डोंगराएवढं काम ती कणाकणानं हलवते म्हणून. ताईंना जाऊन चार महिने झाले होते. फुप्फुसांच्या आजारानं शेवटी शेवटी त्यांना दर दोन शब्दांनी थांबावं लागे, पण शिकवणं काही सुटलं नाही. आज आपल्याला जी चार अक्षरं येतात ती त्यांच्यामुळे, हे मुंगी विसरली नव्हती. रोज काम उघडण्याआधी ती मनातल्या मनात त्यांना हात जोडायची.

त्या सकाळी समोर ताईंचंच जुनं काम होतं. इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डात कुणाला किती औषध द्यायचं, ते ठरवणारा प्रोग्राम. सगळं गणित एकाच फंक्शनमध्ये, म्हणजे कोडच्या एकाच तुकड्यात कोंबलेलं, सलग चौदाशे ओळी; मुंगीला त्याचे छोटे छोटे तुकडे करायचे होते. इस्पितळाच्याच तळमजल्यावरची खोली. दोन टेबलं, जाळीतून आलेलं ऊन, फिनेलचा वास.

ती पुटपुटत वाचायची, दम लागला की तोडायची, नाव द्यायची. ‘वय तपासा’. ‘डोस मोजा’. ‘नर्सला दाखवा’. एकेक तुकडा ओंजळीत मावेल एवढा.

“कुणाशी गप्पा चालल्यात?” शेजारच्या टेबलावरचा, प्रोग्राम तपासून पाहणारा टेस्टर म्हणाला.

“कोडशी. तुझ्यापेक्षा बरं ऐकतो.”

तो हसत चहाला गेला.

खोलीत ती एकटीच उरली आणि तिच्या लक्षात आलं, की आपला दम पुरतोय, तरी सोबत वाचणारं कुणीतरी मध्येच थांबतंय. दोन शब्द. मग ओढून घेतलेला श्वास. तिनं पंखा बंद केला, पुन्हा वाचून पाहिलं. श्वास उजव्या खांद्यामागून येत होता. शिकवताना ताई तिथेच उभ्या राहत.

भीती वाटायच्या आधी तिचे डोळे भरून आले.

“दाखवा ताई,” ती हळूच म्हणाली. “जे सापडेल ते मी स्वतः वर वॉर्डात जाऊन सांगेन. शब्द देते.”

नऊशेबाराव्या ओळीवर श्वास थांबला. पुन्हा आलाच नाही.

ओळ साधी होती: वजनानं गुणा. वजन मात्र भरलं जात होतं पार वर, पहिल्या काही ओळींत. मधल्या जंजाळात कुणाला दिसलंच नव्हतं, की वजनाचा रकाना कोरा राहिला तर आधीच्या मुलाचं वजन तसंच पुढे येतं.

तिनं तो तुकडा वेगळा काढला आणि नाव द्यायला बोटं उचलली.

नाव आधीच होतं. ‘खाट सात पाहा’.

तिनं वॉर्डाची यादी उघडली. खाट सात, पाच महिन्यांचं बाळ. वजन कोरं. त्याच्याआधीची नोंद चौदा वर्षांच्या मुलीची. औषध साडेअकराला.

वॉर्डाचा फोन कुणी उचलेना.

नव्या तुकड्यापुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप उमटते. नाव ताईंचं होतं. वेळ, अकरा चोवीस.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. संगणकाच्या कोपऱ्यातही.

ताईंनी लिहिलेली वेळ अजून यायचीच होती; औषधाला दहा मिनिटं, म्हणजे हाताशी वेळ होता. तिनं रिकाम्या खोलीला वाकून नमस्कार केला, आणि दिलेला शब्द पाळायला भराभर जिना चढू लागली.