नळाखालच्या डबक्याचा पहिला नंबर

“मशीन उद्या येतंय? उद्या? आणि हे तू आत्ता सांगतेस?”

भिंगरी खुर्चीतून अशी उडाली की टेबलावरचा नकाशा खाली, त्यावरची फूटपट्टी कोपऱ्यात आणि मावशीचा चहा नकाशावर आणि दोघींच्या अंगावर!

“आधी पुसायला घे,” मावशी म्हणाली, “मग ओरड.”

भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं होतं. ही पोरगी एका जागी बसली की तिच्या पायांना मुंग्या यायच्या, म्हणून ती भिंगरी! घरी, शाळेत, बसमध्ये, सगळं जग तिला सांगायचं, ‘अगं, स्वस्थ बस!’ एकटी मावशी कधी म्हणायची नाही. म्हणून तर सुट्टी लागली रे लागली की भिंगरी पिशवी घेऊन मावशीच्या दारात हजर.

आता मावशीचं काम ऐका. मावशी गाळ वाचायची. हो, चिखलातला गाळ! जुन्या तळ्याच्या तळाशी दरवर्षी गाळाचा एक पातळ थर बसतो. त्यात फुलांचे पराग असतात, चुलींची राख असते, वाहून आलेली माती असते. लांब नळी खुपसून तो गाळ अख्खाच्या अख्खा वर काढला की कळतं, कधी पाऊस भरपूर झाला, कधी रान जळलं, माणसांनी शेती कधी सुरू केली. आणि तळ्याच्या शेजारीच जुन्या वस्तीच्या खुणा असतील, तर सोन्याहून पिवळं! माणसं आणि पाणी, दोघांची गोष्ट एकत्र वाचता येते.

“पण नळी खुपसायचं मशीन एकच,” मावशी नकाशा झटकत म्हणाली, “तेही एका दिवसासाठी उधार. तळी मात्र तीन. म्हणून त्यांचे नंबर लावलेत. ज्याच्या काठाजवळ जुने पुरावे जास्त, त्याला मार्क जास्त.”

“मग पहिला कोण आला?” दारातून एक डोकं आत आलं. हा मुंगूस. शेजारच्या शिंप्याचा मुलगा. फट दिसली की नाक खुपसायचंच, हा त्याचा नियम.

“आरसा तळं. तिथे पिशवीभर जुनी खापरं सापडली. दुसरं बदकतळं. आणि लोळण तळ्याला भोपळा.”

“म्हशी लोळतात ते? बरोबर आहे, वासालासुद्धा भोपळाच मिळेल,” मुंगसाच्या मागून आवाज आला. हा आजोबा. खरा आजोबा नव्हे हं! वय वर्षं अकरा. पण भर उन्हात गळ्याला मफलर आणि तोंडात कायम ‘जपून रे बाबांनो’.

“तुला कुठलं वाटतं गं मावशी?” भिंगरीने विचारलं.

मावशीने प्लास्टरमधला पाय स्टुलावर नीट ठेवला. पाय मोडल्यापासून ती बाहेर पडलीच नव्हती. तळी बघायचं काम तिच्याबरोबर काम करणाऱ्या गॉगलकाकांनी केलं होतं. “मला लोळण वाटायचं,” ती म्हणाली. “पण वाटण्याला मार्क नसतात, बाई.”

“आणि आरशात काही मिळालंच नाही तर?”

मावशी उगाचच कोरडा नकाशा पुन्हा पुसायला लागली. “तर ह्या घरातलं ऑफिस आणि इथलं काम बंद. मला मुख्य ऑफिसात टेबल देणार आहेत. खिडकीपासून लांबचं.”

मावशी आणि टेबल? मग सुट्टीत कुठे जायचं? आणि ‘स्वस्थ बस’ न म्हणणारं माणूस कुठून आणायचं?

“चला!” ती ओरडली.

“कुठे?” दोघांनी एकदम विचारलं. पण भिंगरी सायकलवर बसलीसुद्धा होती.

*

आरसा तळं दिसायला मात्र झकास! निळंशार पाणी, उभे खडकाळ काठ आणि शेजारून जाणारा नवाकोरा रस्ता.

“खापर!” मुंगूस पाचव्या मिनिटाला किंचाळला. “इथे पण! अरे, इथे तर ढीग आहे!”

खरंच की! रस्त्याच्या उतारावर लालसर तुकडेच तुकडे. एकावर तर नखांच्या खुणांची नक्षी होती, चंद्रकोरी ओळीने बसवल्यासारखी. कुणीतरी कधीकाळी ओल्या मातीवर नख दाबत गेलं असणार.

“झालं तर,” आजोबा म्हणाला. “गॉगलकाका बरोबर होते. घरी चला, ऊन लागेल.”

पण भिंगरीचा पाय निघेना. ती रस्त्यावरून काठापर्यंत गेली. परत आली. पुन्हा गेली.

“अगं, किती येरझाऱ्या घालशील? मला घेरी येतेय!”

“काठावर एकही नाही,” भिंगरी म्हणाली.

“काय नाही?”

“खापर! काठावर नाही, खडकावर नाही, त्या झाडाखाली नाही. फक्त रस्त्याच्या भरावात! आणि माती बघ. सगळीकडे पिवळा मुरूम, आणि भराव तेवढा काळा कुळकुळीत!”

मुंगसाने मूठभर काळी माती उचलून नाकाशी धरली. “शी! म्हशींचा वास!” मग तो थांबला. “आणि हे काय? शंख!”

मसुराच्या दाण्याएवढे पांढरे शंख! एक, दोन नाही, मुठीत मावणार नाहीत इतके. तिघंही धावत पाण्याशी गेली. पालथं पडून, हात घालून शोधलं. शंख नाही, गोगलगाय नाही, शेवाळाचा धागासुद्धा नाही.

“दोरी आण!” भिंगरीने हुकूम सोडला. दोरीला दगड बांधून तिने तो पाण्यात सोडला. दोरी खाली गेली, गेली आणि... ठक्!

“परत टाक.”

ठक्!

“हा तर दगड आहे,” मुंगूस पुटपुटला. “गाळ कुठाय?”

आजोबा इतका वेळ काठाकडे बघत होता. मफलर सोडून तो सावकाश म्हणाला, “ही कड बघा. पायऱ्या पायऱ्यांची. आणि खडकात ही सरळ भोकं. अरे, सुरुंगाची आहेत ही! हे तळं नाहीच मुळी. दगडाची खाण आहे! खाण बंद पडली आणि पावसाचं पाणी साचलं!”

“आजोबा, तू ग्रेट आहेस!” भिंगरीने त्याला असं गदागदा हलवलं की तो जवळजवळ खाणीतच पडला.

“जपून! जपून गं!”

“म्हणजे इथे जुना गाळ नाही. आणि खापरं इथली नाहीत. रस्ता करताना कुणीतरी ट्रकने माती आणून टाकली. पण कुठून?”

तिघांनीही एकदम मुंगसाच्या मुठीकडे पाहिलं. खुद्द मुंगसानेही.

*

बदकतळ्याला सिमेंटचा काठ होता आणि शंख एकही नव्हता. राहिलं लोळण!

लोळण तळ्यात तीन-चार म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या, जणू सगळी सुट्टी त्यांचीच. काठावर पाऊल टाकलं आणि पायाखाली कर्रकर्र वाजलं. शंख! पांढरे, मसुराएवढे, जिकडे तिकडे!

“पण इथे खापरं कुठायत?” आजोबा म्हणाला. “काका बोलले तेही खोटं नाही. काठ साफ आहे.”

“साफ आहे की साफ केलाय?” भिंगरी काटेरी झुडपांत घुसली. फ्रॉकला खोंबारा, हाताला ओरखडे, पण थांबेल ती भिंगरी कसली! झुडपांपलीकडे जमीन एकदम तुटली होती. उभी, सरळ, सुरीने केक कापावा तशी. त्यावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून दिसत होते.

आणि त्या कापलेल्या मातीतून बाहेर डोकावत होती खापरं. खाली एक राखेचा काळा पट्टा, त्यात भाजलेले दगड. कुणाची तरी चूल!

“इथली माती उचलली...” भिंगरीचे शब्द एकमेकांवर आदळायला लागले, “आणि आरशाजवळ टाकली! लोळणचे मार्क चोरून आरशाला दिले! आणि काकांनी रस्त्यावरनंच...”

“अगं श्वास घे!”

तेवढ्यात धप्प! मागून आवाज आला.

मुंगूस बांबूने तळ्याची खोली बघायला गेला होता. बांबू गाळात जो घुसला तो थांबेचना. मुंगसाने सोडला नाही. मग बांबूमागून मुंगूसही गेला. आता तो कमरेपर्यंत गाळात होता आणि हळूहळू खाली चालला होता.

“गाळ आहे!” तो रडवेल्या आवाजात ओरडला. “भरपूर आहे! पटलं मला! काढा!”

“हलू नकोस! तडफडलास की आणखी रुतशील!” दोरी लांब सायकलवर राहिली होती, म्हणून आजोबाने गळ्यातला मफलर ओढला, एक टोक काठावरच्या झाडाला गुंडाळलं, दुसरं फेकलं. दोघांनी दात-ओठ खाऊन ओढलं. म्हशी टकामका बघत राहिल्या. शेवटी पचाक्क करून मुंगूस बाहेर आला, एक चप्पल तळ्याला देऊन.

“पुन्हा माझ्या मफलरला हसलात तर बघा,” आजोबा धापा टाकत म्हणाला.

*

संध्याकाळी मावशीने सगळं ऐकलं आणि मुख्य ऑफिसातल्या मोठ्या सरांना लगेच फोन लावला. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“मॅडम, तिन्ही तळ्यांना एकच नियम लावलाय. मुलांच्या सांगण्यावरून मी नियम मोडू? उद्या मशीन आरशावर. बास!”

मावशीने फोन ठेवला. भिंगरी रात्रभर कूस बदलत राहिली. नियम मोडायचा नाही. ठीक! नाही मोडायचा. मग... पाळायचा! अगदी तंतोतंत पाळायचा!

सकाळी अंगणात मशीनचा ट्रक घुरघुरत उभा होता. मोठे सर घड्याळ बघत होते. गॉगलकाका डोळ्यांवर गॉगल, डोक्यावर आणखी एक गॉगल अशा थाटात हिंडत होते.

“काका, काका! हे बघा ना काय सापडलं!” भिंगरीने मूठ उघडली. नखांची नक्षी असलेलं खापर!

काकांनी दोन्ही गॉगल काढले. “अरे वा! अस्सल! सर, एक नंबर तुकडा आहे!”

“पाण्याच्या अगदी जवळ होतं,” मुंगूस साळसूदपणे म्हणाला.

“मग तर पूर्ण मार्क!”

“नक्की? नियमात बसतं?” आजोबाने विचारलं.

“शंभर टक्के बसतं! कुठल्या तळ्याजवळ मिळालं?”

“ह्या!” भिंगरीने बोट दाखवलं.

अंगणातल्या गळक्या नळाखाली परातीएवढं डबकं साचलं होतं. त्यात एक कावळा अंघोळ करत होता. काठावर खापरं हारीने मांडलेली.

ट्रकचा ड्रायव्हर पहिल्यांदा हसला. मग मोठे सर हसले. हसता हसता एकदम थांबले.

“ही इथे आली कशी?”

“मी आणली, सायकलच्या पिशवीतून,” भिंगरी म्हणाली. “आरशाजवळची ट्रकमधून आली. जवळ सापडलं म्हणजे तिथलंच असेल असं नाही ना, सर? नाहीतर मशीन ह्या डबक्यातच लावा. सगळ्यात जास्त मार्क ह्यालाच आहेत!”

काकांनी घाईघाईने दोन्ही गॉगल परत चढवले. सरांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, “तुम्ही गाडीतून उतरला होतात ना?”

“तसा... एक पाय खाली टाकला होता, सर.”

मावशी कुबड्यांवर दारात उभी होती. हसू दाबताना तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

“ट्रक थांबवा,” सर म्हणाले. “आधी मला ती चूल दाखवा.”

*

लोळणच्या तुटलेल्या कडेपाशी सर गुडघ्यांवर बसले ते उठेचनात. भिंगरीने रस्त्यावरचा एकेक तुकडा तिथल्या तुकड्यांना जोडून पाहिला. एकही जुळेना! पण सरांनी मातीतून एक नवं खापर अलगद सोडवलं आणि तळहातावर ठेवलं. त्यावरही त्याच नखांच्या चंद्रकोरी. आत चिकटलेला तोच इवलासा शंख.

“मशीन इथे लावा,” ते म्हणाले.

म्हशींना बाजूला हाकललं. तराफा पाण्यात गेला. नळी गाळात घुसली, घुसतच राहिली. मावशी काठावर खुर्ची टाकून बसली होती आणि कुबडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. भिंगरी काठाने गोल, गोल, गोल फिरत होती.

शेवटी नळी वर आली, काठावर उभी केली. पारदर्शक नळीत गाळाचे पट्टे! काळा, करडा, तांबूस, पुन्हा काळा, केसाएवढे बारीक, एकावर एक. आणि मध्येच राखेची एक रेघ.

“चूल,” मावशी पुटपुटली. “त्यांच्या चुलीची राख आहे ही.” तिने डोळे पुसले आणि मग एकदम ओरडली, “अरे, नळी तिरकी होतेय! थर मिसळतील! धर कुणीतरी! भिंगरी, धर! आणि अजिबात हलू नकोस!”

मुंगूस आणि आजोबाने एकमेकांकडे पाहिलं. मावशी? आणि हे?

भिंगरीने दोन्ही हातांनी नळी धरली. मशीनवरची माणसं दोन्ही टोकांना झाकणं बसवेपर्यंत ती खांबासारखी उभी होती. नाकावर माशी बसली. उडाली. परत बसली. पायांना मुंग्या आल्या, गुडघ्यापर्यंत चढल्या. भिंगरी हलली नाही. तिच्या हातात कुणाचा तरी अख्खा पाऊस होता, कुणाची तरी चूल होती, आणि मावशीची खिडकीसुद्धा!

“झालं!” सरांनी झाकण ठोकलं. “शाबास! पोरांनो, तुम्ही नसतात तर आज आम्ही दगडावर मशीन आपटत बसलो असतो. यापुढे नंबर लावायच्या आधी पुरावा कुठून आला ते बघायचं, आणि चालत जाऊन बघायचं. आणि मॅडम, ही नळी वाचायला वर्ष तरी लागेल. तुमचं ऑफिस हलत नाही.”

“ऐकलंस, भिंगरी?” मावशी म्हणाली. “आता हल!”

एवढंच हवं होतं! भिंगरी सुटली ती तळ्याला वळसा घालून, म्हशींना हुसकावत, आरोळ्या ठोकत! तिच्यामागून मुंगूस, एका चपलेवर. त्याच्यामागून मफलर उडवत आजोबा, “जपून रे बाबांनो! जपून!”

“ही मुलगी कधी स्वस्थ बसते का हो?” सरांनी विचारलं.

“बसली असती,” मावशी म्हणाली, “तर आपण आत्ता कुठे असतो, सर?”

गॉगलकाका त्या दिवशी ऑफिसात परतले तेव्हा नळाखालच्या डबक्याशी पुठ्ठ्याची पाटी खोचलेली होती: ‘पहिला नंबर! मशीन आणताना कावळ्याची परवानगी घ्यावी.’ काकांनी डोक्यावरचा जादा गॉगल काढला, हळूच पाटीवर लावला आणि बूट घालून, पायी, बदकतळं पुन्हा नीट बघायला निघाले.