धुऱ्यावरचा शेंदूर

या जगात असे काहीही नाही की ज्याचा हिशेब रसायनशास्त्राला लागत नाही. हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या वर्गाच्या पहिल्या तासाला गंभीर आवाजात उच्चारतो. दुसरा तास सहसा होत नाही, कारण प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नसते. अकोल्यात पाण्याचा हिशेब लागलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

गोवर्धन आमच्या गल्लीत हातगाडीवर भाजी विकायचा. बार्शीटाकळीच्या रस्त्याला, वस्ती संपली की, शेंदराचा एक बंद कारखाना होता. मालक भट्ट्या तशाच टाकून निघून गेला होता. त्यामागची जमीन गोवर्धनने स्वस्तात घेतली. ती स्वस्त का, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. वावरातच विटांचे घर बांधून तो आई आणि बायको शालू यांच्यासह राहू लागला. तिथली वांगी चकचकीत निघत. आमच्या घरी ती आवडीने खाल्ली जात.

एकसष्ट साली दसऱ्यानंतर तो हातगाडी न घेताच दारात आला.

"मास्तर, आमच्या वावराची माती पाहून देता का?"

"का रे?"

"शालूचे दोन डाव गेले. पोटातच. आता पुन्हा दिवस हायेत. डॉक्टर पाहून झाला, वैद्य झाला, देव झाला. मातीच रायली पाहाची."

मातीच्या अर्कात मी पोटॅशियम आयोडाइडचे थेंब सोडले. परीक्षानळीच्या तळाशी हळदीसारखा पिवळा साका बसला. शिसे. शेंदूर शिसे भाजूनच करतात, तेव्हा आश्चर्य नव्हते. आश्चर्य साक्याच्या जाडीचे होते.

हे सांगायला मी वावरात गेलो, तेव्हा सोबत वनस्पतिशास्त्राचे मोरोपंत होते. परदेशी खाणींच्या मळीवर उगवणारी काही झाडे जमिनीतले धातू पानांत ओढून घेतात, असे त्यांनी कुठेसे वाचले होते, आणि वाचलेले वापरून पाहण्याची संधी आमच्या कॉलेजात फारशी येत नाही. त्यांनी मोहरी निवडली. मोहरीच का, असे मी विचारले. "उद्धवराव, ती घरात होती," ते म्हणाले.

योजना सोपी होती. दाट मोहरी पेरायची, कोवळी असतानाच मुळासकट उपटायची, आणि दूर मुरमाच्या जुन्या खाणीत पुरायची. मग पुन्हा पेरायची. कोणी खायची नाही, गुरांना घालायची नाही, जाळायची नाही. घरात बाजारची भाजी. आणि शेंदूर बंद, अगदी देवाचासुद्धा.

गोवर्धनची आई पार्बताबाई तोवर पदर दातात धरून ऐकत होती.

"देवाचा काहून बंद?"

"त्यात शिसं आहे, आजी."

"आन् देव नाई का त्याच्यात?"

धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, शेंदूर फासलेला एक दगड होता. नारळाएवढा. कारखान्याच्याही आधीचा, असे ती म्हणाली.

"त्याले राग आला तं?"

"माझं नाव सांगा," मी म्हणालो. नास्तिकाला उधारीवर धीर पुष्कळ असतो.

"तुमचं नाव काय माहीत त्याले!" ती म्हणाली. "शेंदूर नाई लावत. पण पैला पेंढा त्याचा. कोनतंबी पीक असो, पैला पेंढा धुऱ्यावर जाते."

मोरोपंत विषाबद्दल काही बोलू लागले. तिने हात झटकला. "देवाले काय करते तुमचं शिसं? तो तं त्याच्यातच न्हाते!"

शालू ओट्यावर बसली होती. हसली नाही. "मास्तर, यंदा पोट्टं जगलं पायजे," एवढेच म्हणाली. "मंग तुमी वावरात बाभूळ लावा."

मोहरी अशी आली की रस्त्यावरून जाणारे थांबून पाहत. पहिल्या उपटणीला आम्ही दोघेही हजर होतो. पहिला पेंढा पार्बताबाईने दगडासमोर ठेवला. मोरोपंत उकिडवे बसून मुळे पाहत होते. मोहरीचे मूळ सरळ खाली जाते. ही मुळे वीतभर खाली जाऊन काटकोनात वळली होती. मधल्या सरीतली, विहिरीजवळची, सगळी. सगळी एकाच बाजूला.

"खाली मुरूम लागला असेल," मी म्हणालो.

मोरोपंतांनी खणून पाहिले. खाली काळी माती होती. मुळांची टोके धुऱ्याकडे होती.

मातीतले शिसे कमी झाले होते. मोरोपंतांनी मला चहा पाजला. मग उपटलेली मोहरी तपासली. पाने, देठ, मुळे. नळीतले पाणी स्वच्छ राहिले. मी औषध बदलले, नळी बदलली, शेवटी चष्मा पुसला. मोहरीत शिसे नव्हते. मातीतून निघाले होते आणि मोहरीत आले नव्हते. चहा वाया गेला.

दुसऱ्या पिकाच्या वेळी धुऱ्यावरचा दगड कळशीएवढा झाला होता.

"आजी, शेंदूर लावता ना चोरून?"

"सुनेच्या पोटाची आन हाय मले," ती म्हणाली, आणि माझ्याकडे नाही, दगडाकडे पाहत राहिली. "मी तं आता जवळबी नाई जात. पेंढा लांबूनच ठेवतो."

शेंदूर ओला होता. मी नखाने थोडा खरवडला. थंडीचे दिवस होते, माती गार होती. शेंदूर कोमट होता.

मी म्हटले, उन्हामुळे. मोरोपंत म्हणाले, हो, उन्हामुळे. आभाळ भरून आले होते.

शालूचे दिवस मात्र सुखाने चालले होते. सातव्या महिन्यात तिला अमरावतीला भावाकडे पाठवले. बैलगाडीत चढताना तिने धुऱ्याकडे पाहिले आणि पोटावर पदर ओढला. गोवर्धन म्हणाला, "काय झालं व?" ती म्हणाली, "जड झालं, दुसरं काय."

चैत्रात मातीचा शेवटचा नमुना तपासला. नळीत काहीच आले नाही. वावर स्वच्छ होते. ही बातमी सांगायला मी भर दुपारी सायकलने गेलो. गोवर्धन अमरावतीला होता. पार्बताबाई एकटी ओट्यावर होती.

"मास्तर, तुमी पाहा बरं," ती म्हणाली. "मी नाई येत."

तिसरी मोहरी उपटायची होती. वारा नव्हता. सगळे पीक धुऱ्याकडे वाकले होते.

दगड आता गुडघ्यापर्यंत आला होता.

मी पाहत असतानाच तो तडकला. आवाज फार झाला नाही. मडके उतरून ठेवावे तेवढा.

शेंदराची खोळ दोन फाका होऊन पडली. पुष्कळ वर्षांनी देव अशी खोळ टाकतात, हे मलाही माहीत होते. आत मूळ दगड राहतो.

आत दगड नव्हता.

खोळ आतून गुळगुळीत होती. मी वाकून पाहिले. आत पाठीचा बाक उमटला होता. दुमडलेले गुडघे. एका बाजूला कान.

मी एक फाक उचलली. ती कागदासारखी हलकी होती. कॉलेजात नेऊन तपासली. शिसे नव्हते. लाल माती होती नुसती.

संध्याकाळच्या बसने गोवर्धन आला तो पेढे घेऊनच. मुलगी झाली होती, दुपारी. बाळ-बाळंतीण खुशाल होत्या. पार्बताबाईने पेढा हातात घेतला आणि विचारले, "पोट्टी कशी हाय?"

"गोरी हाय, बुवा. नर्सबाईनं काटा दोनदा बदलला," तो हसत म्हणाला. "म्हने, बिघडला."

मोरोपंतांनी प्रबंध लिहायला घेतला आणि सोडून दिला. जमेच्या बाजूला मोहरी होती. खर्चाच्या बाजूला काय लिहायचे, हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

गोवर्धनची भाजी पुन्हा आमच्या गल्लीत येऊ लागली. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर तो तिला गाडीवर, मेथीच्या जुड्यांमध्ये बसवून आणी. शांत पोर आहे, रडत नाही. एकदा माझ्या बायकोने, कुंदाने, कौतुकाने तिला उचलायला हात घातले. मग तिने हात काढून घेतले आणि कमरेवर ठेवले.

"राहू द्या, वैनी," गोवर्धन म्हणाला. "तिले आमी दोघं मिळून उचलतो."

शालू काय म्हणते, असे मी विचारले.

"काय म्हनन? पोट्टं जगलं." त्याने तराजूत वांगी टाकली. "निंगतो मास्तर, लोहाराकडे जाचं हाय. गाडीचा आस वाकला."

तो त्या वर्षातला तिसरा आस होता.