सुनेच्या तोंडचं नाव

मोहोकारे नदीवरचे धुके अजून उठले नव्हते. पण थाबा-फिरीच्या, म्हणजे तरसांच्या डोंगराच्या, सपाट माथ्यावर उजाडले होते, आणि ज्या एकाच खिंडीने त्या डोंगरावर गुरे-माणसे चढत, तिच्या काठावर पुलेंगला नवे कातडे पांघरवून, गळ्यात तांब्याची कडी घालून उभे केले होते. खालून येणाऱ्याला ती दिसावी आणि दिसल्यावर त्याला भरवसा वाटावा, एवढ्यासाठीच.

येणारा तिचा भाऊ होता, त्लादी.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे वडील राथेबे तहाच्या बोलण्यांसाठी ह्याच खिंडीने वर आले होते. बासोथो लोक आपल्या राजाला मोरेना म्हणतात. राथेबेही मोरेना होते, आणि त्यांना पाहुण्या मोरेनाच्या मानाने बसवले होते. पुरुषांच्या सभेत, ज्वारीच्या दारूचे मडके ओठांना लावलेले असतानाच त्यांच्या पाठीत भाला गेला. भिंतीपलीकडे दळत बसलेल्या पुलेंगकडे तिचा नवरा मोहाऊ धावत आला आणि त्याने तिचे तोंड तळहाताने दाबून धरले. वाचवण्यासाठी, की गप्प करण्यासाठी, हे तिला अजूनही उमगले नव्हते. दुसऱ्या दिवशी तिला नेहमीसारखे दळायला बसवले.

आता त्लादी वडिलांची हाडे मागायला येत होता.

तिच्या सासऱ्याचे, म्हणजे ह्या डोंगराच्या मोरेनाचे, नाव लेजोए. त्यांच्या भाषेत लेजोए म्हणजे दगड. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्या नावाचा शब्दही ओठांवर आणायचा नाही, असा त्या लोकांचा दंडक. म्हणून पुलेंग पाट्याला 'दळणारी म्हातारी' म्हणे आणि चुलीच्या दगडांना 'तिघी बहिणी'. बायका मुद्दाम विचारत, "ठेच कशाची लागली गं?" ती म्हणे, "निजलेल्याची." मग सारे अंगण खिदळे.

"कपारीतली माणसं तयार आहेत?" लेजोएने आपल्या भाटाला विचारले.

"तयार आहेत, सिंहाच्या वंशजा. दगडांखाली दांडे सरकवून बसलीत. त्यांना खिंड दिसत नाही. हाक तेवढी ऐकू जाईल."

"मग माझी बिरुदं गात बसू नकोस. एकदा बोलायला लागलास की दुपार करतोस. त्लादी वळणावर आला, मोहाऊ बाजूच्या गुहेत शिरला, की नुसतं नाव घे. एकदाच. नाव ऐकलं की दगड सोडायचे, एवढंच त्यांना ठाऊक आहे."

भाटाने पुलेंगकडे डोळ्यांनी खूण केली. "हिच्यासमोर बोलता, मोरेना?"

"सून आहे माझी. माझं नाव काही ती घेणार नाही." लेजोए हसला. "आणि दुसरं काही बोललीच, तर तिच्या पाठीला भाले टेकलेलेच आहेत."

पुलेंग खाली पाहत राहिली. ओरडून सावध करावे, तर पहिल्याच अक्षराला भाला लागेल. आणि किंकाळी ऐकून त्लादी मागे फिरणार नाही, उलट तिच्यासाठी वर धावेल, खिंडीत, दगडांखाली. लहानपणापासून ती त्याला ओळखत होती.

धुक्यातून माणसे निघाली. पुढे मोहाऊ, यजमान म्हणून आणायला गेलेला. मागे त्लादी आणि त्याचे सोबती. पाहुण्याने शस्त्र वेशीबाहेर ठेवावे ह्या रिवाजाने त्लादी खिंडीच्या तोंडाशी थांबला आणि भाले एका खडकाला टेकवून ठेवू लागला. वर नजर जाताच त्याचा चेहरा उजळला.

"माझ्या आईच्या लेकी! केवढी सुटलीस गं! इथली ज्वारी मानवली म्हणायची!"

तिने हात उंचावला. सांगितलेच होते तसे.

"चला, मगरीच्या वंशजा," मोहाऊ म्हणाला, "म्हातारा वाट पाहतोय." आणि तो एकटाच पुढे चालत खिंडीत शिरला. मान वर करून त्याने तिच्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर भीती होती. आपल्या बापाची, की जे करायला निघालो त्याची, हेही तिला कधी कळणार नव्हते. त्याने तिच्यावर कधी हात उगारला नव्हता. तो कपारीच्या बरोबर खाली होता, आणि त्लादी अजून बाहेर.

"लेजोए!" पुलेंग ओरडली.

भालेवाले थिजले. सुनेच्या तोंडून सासऱ्याचे नाव! आकाश फाटले असते तरी ते इतके दचकले नसते. कपारीतल्या माणसांनी मात्र आवाज कोणाचा हे पाहिले नाही. नाव ऐकले आणि दांडे दाबले. डोंगर हलला. धूळ निवळली तेव्हा खिंड काठोकाठ बुजली होती. मोहाऊ कुठेच दिसत नव्हता, आणि पलीकडे त्लादीला त्याची माणसे ओढत मागे नेत होती.

"माझं नाव कोणी घेतलं?" लेजोएने विचारले. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"तुमचं नाही, मोरेना," पुलेंग म्हणाली. "मी दगडाला दगड म्हटलं."

"तिला तिच्या नवऱ्याकडे पोहोचवा," तो म्हणाला.

भालेवाल्यांनी तिला काठावरून लोटले. ती पुन्हा ओरडली नाही.

त्लादी घरी परतला तो ना हाडे घेऊन, ना बहीण घेऊन. सभेत त्याने सांगितले, की ती कड्यावर नटूनथटून उभी होती. तिने हात उंचावला, शत्रूचे नाव पुकारले आणि दगड सुटले. तिची थोडी घाई झाली म्हणून आपण वाचलो. "माझ्या कानांनी ऐकलं मी." त्या दिवसापासून त्या घरात पुलेंगचे नाव कोणी घ्यायचे नाही, अशी त्याने आज्ञा केली.

आईने सारे ऐकून घेतले. मग अंगणात बसून तिने पाते मागवले आणि आपले डोके भादरू लागली.

"बाबांचं सुतक तर कधीच सरलं," त्लादी म्हणाला. "हे कोणासाठी?"

"तुला आयुष्यात कधी कोणाचं नाव गिळावं लागलं नाही, बाळा," आई म्हणाली. "आता नको विचारूस. तुझीच आज्ञा आहे."