राखाडीची बाजू

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हा विषय निघाला की मी काहीतरी निमित्त काढून उठते. आणि आधीच सांगून ठेवते, यात मध्यरात्र नाही की ओसाड बंगला नाही. जे झालं ते भर दुपारी, गार हवा सोडलेल्या थिएटरात, चांगल्या शंभरेक माणसांत झालं. त्याचाच तर मला जास्त वैताग येतो. कुणाला सांगायला जावं तर आधी हसतात.

मी सिनेमाची संकलक. चित्रित झालेलं सगळं माझ्यासमोर येतं, त्यातलं काय ठेवायचं आणि काय कापायचं ते मी ठरवते. दिग्दर्शकाला वाटतं, त्यानेच ठरवलं. त्या वर्षी हातात एक सुपरहिरोचा सिनेमा होता. नायक उडायचा, पडत्या इमारती हातावर झेलायचा. खलनायकाचं नाव राखाडी. आगीत त्याचं घर गेलं, धाकटा भाऊ गेला, आणि नायक नेमका तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणालातरी वाचवत होता. म्हणून हा चालला धरण फोडायला.

प्रदर्शनाआधी आम्ही चाचणीचा एक खेळ ठेवला. साधे, येणारे-जाणारे लोक बोलावले. खेळ संपून दिवे लागले, बघते तर अर्धं थिएटर डोळे पुसतंय. नायकासाठी नाही. राखाडीसाठी.

"त्याचं कुणी ऐकूनच घेतलं नाही हो," पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली.

आमच्या दिग्दर्शकाला सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणायचे. ते ताडकन उठले. "अहो बाई, त्याने धरण फोडलं! खाली गाव होतं!"

"फोडलं ना. पण का फोडलं?"

घाईसाहेबांनी कपाळावर हात मारला. मला मात्र नवल वाटलं नाही. उडणं कुणाच्याच वाट्याला येत नाही. न केलेल्या गोष्टीची बोलणी मात्र प्रत्येकाने खाल्लेली असतात. पडद्यावर कुणी "माझं ऐका तरी" म्हणालं की माणूस तिकीट काढल्याचं विसरून त्याच्या बाजूला जाऊन बसतो. आपलं तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं, निदान याचं तरी ऐकू, एवढंच असतं ते.

"काप," घाईसाहेब म्हणाले. "त्याचं घर काप, भाऊ काप, आग काप."

मी कापलं. शिवाय त्याच्या हातून एका म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा खून घातला, तो मुद्दाम नव्याने चित्रित केला. दुसरा खेळ लावला. लोक पुन्हा रडले. "त्या पहारेकऱ्याने त्याला आधी काय केलं असेल कुणास ठाऊक," असं एक सद्गृहस्थ मला समजावून गेले.

मग घाईसाहेबांच्या अंगात आलं. राखाडीचं तोंडच बंद करून टाकलं. एकही वाक्य ठेवलं नाही. तो नुसता यायचा, फोडायचा, जायचा. मी स्वतः त्याचा प्रत्येक शब्द काढला, श्वाससुद्धा ठेवला नाही.

तिसऱ्या खेळानंतर जाड चष्म्याचा एक शिक्षक माझ्याजवळ आला. 

"बाकी ठीक आहे," तो म्हणाला, "पण तो कंदिलापाशी बसून बोलतो ना... ते फार आत लागलं."

"कुठला कंदील?"

"तो नाही का... पाठमोरा बसतो. तोंड दाखवत नाहीत. तेच बरं केलंत."

मागे उभ्या असलेल्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

आमच्या सिनेमात कंदील नव्हता. असं दृश्य कुणी लिहिलं नव्हतं, चित्रित केलं नव्हतं. मला त्या सिनेमाची चौकट न् चौकट पाठ होती. घाईसाहेब माझ्यावरच उखडले. "तूच ठेवलंयस कुठेतरी!" दुसऱ्या दिवशी दोघांनी माझ्या खोलीत बसून अख्खा सिनेमा थांबवून-थांबवून पाहिला. कुठे काही नाही.

"लोक वेडे झालेत," ते म्हणाले, पण या वेळी हळू बोलले.

मी आता पुरती कावले होते. पुढच्या खेळाला मी माझ्या ताईला बोलावलं. ताई इस्पितळात मुख्य परिचारिका होती. लोकांचं रडणं हा तिच्या रोजच्या कामाचा भाग, त्यामुळे स्वतः रडायची नाही. सिनेमात माणसं उडायला लागली की ती सरळ झोपून जायची. म्हटलं, ही खरं काय ते सांगेल. आणि मी स्वतः पडद्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं. पडद्याच्या खाली, कोपऱ्यात, लोकांकडे तोंड करून उभी राहिले. नेमकं कुठे रडतात ते एकदा बघायचंच होतं.

पहिला भाग नीट गेला. ताई तिसऱ्या रांगेत पेंगत होती. मग गाड्यांच्या पाठलागाचं दृश्य लागलं. माझ्या मागे आवाजाचा नुसता धुमाकूळ. पडद्याचा निळा-पांढरा उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर लखलखत होता.

आणि मग तो लखलखायचा थांबला.

सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पिवळा उजेड आला. मंद, एका जागी ठरलेला, मधूनच वात हलावी तसा हलणारा. मी गर्रकन मागे वळले. पडद्यावर गाड्याच होत्या, निळ्या-पांढऱ्या, एकमेकींवर आदळत होत्या. पुन्हा लोकांकडे वळले. पिवळा उजेड. गाड्यांचा आवाज माझ्या कानांत फुटत होता आणि समोरची माणसं अंग पुढे घेऊन, मान कलती करून ऐकत होती... कुणीतरी अगदी हळू बोलत असावं, तशी.

ओल्या राखेचा वास आला. पाणी मारून विझवलेल्या घराला येतो तसा.

कुणीतरी म्हणालं, "हो." मग दुसरं. "हो... हो..." रांगाच्या रांगा माना हलवत होत्या. ताई जागी होती. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, तिने ते पुसलंही नाही. मग तिने मान वळवली आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. तिच्यापाठोपाठ सगळ्यांनीच पाहिलं. सिनेमात दुष्ट माणूस आला की प्रेक्षक ज्या डोळ्यांनी बघतात ना, त्या डोळ्यांनी.

मी बाहेर पळाले.

खेळ संपल्यावर ताई पायऱ्यांवरून उतरली. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो काढून घेतला.

"ताई, काय पाहिलंस तू?"

"तुला माहीत नाही?"

"नाही गं, शप्पथ... मला काहीच दिसलं नाही."

"तू त्याला बोलूच दिलं नाहीस," ती म्हणाली. आमची आई गेली तेव्हाही तिचा आवाज इतका थंड नव्हता. "किती विनवण्या केल्या त्याने तुझ्या. नाव घेऊन."

सिनेमा लागला आणि तुफान चालला. घाईसाहेब म्हणाले, चालतोय ना, मग शोधत कशाला बसायचं. ताईने माझ्याकडे येणं बंद केलं. फोन उचलायची, मी बोलायला लागले की ठेवून द्यायची. भाचीच्या लग्नाचं मला शेजाऱ्यांकडून कळलं. एका उडत्या माणसाच्या फालतू सिनेमापायी सख्खी बहीण गेली. कुणावर चिडायचं?

शेवटी मी राखाडीचं काम केलेल्या नटाला फोन लावला. भला माणूस, सेटवर सगळ्यांना ताई-दादा करून बोलायचा. म्हटलं, निदान हा तरी माझ्या बाजूने असेल.

"पाहिला मी," तो म्हणाला. "कालच. लोकांत बसून."

"मग तो कंदील..."

"ताई, तो मी नव्हतो." मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. "पाठ माझी नव्हती. आवाज माझा नव्हता. असं काही मी केलेलंच नाही."

"तेच तर मी सगळ्यांना सांगतेय!" मला हायसं वाटून रडूच यायला लागलं.

"पण त्याचं बरोबर आहे हो," तो हळूच म्हणाला. "तुम्ही असं करायला नको होतं."

"काय केलं मी?" मी ओरडले. "काय केलं ते तरी सांगा कुणीतरी!"

मग आजारी मुलाची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला,

"ते त्याने आम्हाला नाही सांगितलं. म्हणाला... ते तिला घरी येऊन सांगेन."