चार नंबरच्या बेडची खिडकी

विषय : कु. स्वरांगी यांची आयसीयूतील पहिली नोकरी.
संदर्भ : आमच्या सूनबाई वीणा यांची ही मैत्रीण. हकिकत तिनेच आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितली.

निधी, परेश, नातवंडांनो, जिन्यातला दिवा राहू द्या.

तर स्वरांगी इथे आयर्लंडात, लिमरिकला वॉर्डात नर्स. पुढे अमेरिकेत भूल देण्याचं शिक्षण घ्यायचं. तिथे आधी आयसीयूचा अनुभव मागतात, तोही अत्यवस्थ पेशंटांचा. लिमरिकच्या मोठ्या आयसीयूने जागा देऊ केली होती. तरी एका लहान गावातल्या चार बेडच्या आयसीयूतही जागा निघाली, म्हणून ती एक रात्र नुसती बघायला गेली. गावाचं नाव सांगत नाही. पेन्शनरला अब्रूनुकसानीचे खटले झेपत नाहीत.

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार.

"इथे शांत असतं गं," सिस्टर नोरा म्हणाली. "कंटाळशील. बाकी ग्रँड."

तीनच्या सुमारास चार नंबरचे म्हातारबाबा गेले. नोराने व्हेंटिलेटर बंद केला, बेडमागची जुनी खिडकी सताड उघडली आणि घरच्यांना फोन करायला गेली. शेजारच्या बेडवरची बाई कुडकुडू लागली. स्वरांगीला हातावर हात ठेवून बसवत नाही. तिने खिडकी लावली. वर कडीही घातली.

नोरा परतली. दारातच थांबली.

"कोणी लावली?"

"मी... वारा फार..."

"गेलेला जीव बाहेर पडावा म्हणून उघडतो आम्ही."

नोराने धावत जाऊन ती उघडली. मग म्हाताऱ्याकडे नाही, स्वरांगीच्या खांद्यामागे पाहत राहिली.

"आजोबा, यू मेड दॅट अप!"

"निधी, मी सरकारी नोकरीत होतो. कल्पनाशक्ती असती तर घेतलं नसतं. ऐक."

उजाडायच्या आत स्वरांगी गाडीने निघाली. रस्ता मोकळा. शेजारची सीट रिकामी. त्या बाजूच्या काचेवर वाफ धरली. आतून. तळहाताएवढी.

विरली.

पुन्हा धरली.

तिने हीटर वाढवला. विरली... धरली. एकसारखी. हा ठेका तिने रात्रभर ऐकला होता. माणूस असा श्वास घेत नाही. मशीन देतं.

तिने काच खाली केली. गारठत गाडी हाकली. घराशी काच वर केली.

वाफ.

म्हाताऱ्याला ही खिडकी नको होती... चार नंबरची हवी होती.

ती दोनदा त्या इस्पितळात जाऊन आली. नातेवाईक नाही, स्टाफ नाही, दारावरूनच परत. मग तिने लिमरिकला नकार कळवला आणि त्या लहान आयसीयूत अर्ज केला. कायम रात्रपाळी.

"वेडी आहेस का?" वीणा कडाडली. "चार बेडांच्या अनुभवावर अमेरिकेत कोण घेईल तुला?"

"नाही घेणार," स्वरांगी म्हणाली. "पण कुणाला तरी तिथे पोचवायचंय."

काल ती मुक्कामाला आली. वर झोपली आहे. गाडी दारात. सकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेलो. गाडी रात्रभर बंद होती. सगळ्या काचांवर गोठलेल्या दवाचा जाड थर.

एका काचेवर तळहाताएवढी जागा वितळलेली. ओली.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.