दिसेनाशी होईपर्यंत

तार आणायला निघाला होता तो, बाकी काही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण भुताची गोष्ट म्हटली की तुम्हा पोरांना वाटतं, माणूस मुद्दाम नको तिथं कडमडायला गेला असणार. हा कुठं गेला नव्हता. कोपऱ्यावरच्या दुकानातून टीव्हीची तार घेतली आणि सरळ घरी आला. जे झालं ते घरात झालं, सोफ्यावर बसल्या बसल्या.

तो पंखा जरा कमी कर रे. आवाज चढत नाही माझा हल्ली. हां, आता बसा.

माझा हा मित्र चष्म्याचं दुकान चालवतो. नाव सांगत नाही, तुमच्यातल्या दोघांच्या नाकावर त्याचीच फ्रेम आहे. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. दुसरा शनिवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, चांगला लख्ख चंद्र होता. रात्रीचे नऊ वाजायला आलेले. मी जेवून पाय मोकळे करायला बाहेर पडलो, तर हा मफलर गुंडाळून समोरून येतोय. हातात कागदाची पिशवी.

"काय रे, एवढ्या थंडीत?"

"तार आणली. खोक्यातली आखूड पडतेय."

"कसलं खोकं?"

तो थांबला. मफलर उगाचच नीट केला. "भिंगरीचं," म्हणाला.

मी बाजूला होऊन त्याला वाट दिली.

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून भिंगरी. आणि "मी भिंगवाला, म्हणून माझी पोर भिंगरी" हा विनोद तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा आणि स्वतःच आधी हसायचा. पाच वर्षांची होती तेव्हापासून तिला चष्मा. टीव्हीला नाक लावून उभी राहायची. आतून वहिनी ओरडायच्या, "अगं, मागे सर! गिळेल तो तुला!"

तिचा थोरला भाऊ दुसऱ्या शहरात नोकरीला लागला. पहिल्या पगारात त्यानं बहिणीसाठी गेमचं मशीन पाठवलं. फोनवर म्हणाला, "भिंगरे, खोकं उघडू नकोस हं. घरातल्या त्या डबड्या टीव्हीवर काही मजा नाही. वाढदिवसाला मोठा टीव्ही आणतो, हाय डेफिनिशन. मग बघ, गवताची काडी न् काडी दिसेल." तेव्हा तिला तेरावं लागणार होतं. रोज खोक्यावरची चित्रं बघायची, खोकं डोळ्यांच्या अगदी जवळ धरून.

नंबर वाढत होता तिचा. बापच तपासायचा, बापच काचा बदलायचा. म्हणायचा, वाढतं वय आहे, नंबर वाढणारच. मग डोकं दुखायला लागलं. मग एका सकाळी तिनं दुधाचा कप उचलायला हात पुढं केला, तो कपाच्या वीतभर बाजूला पडला. तिथं काहीच नव्हतं. ती नुसती मूठ मिटून बघत राहिली.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. डोळ्यांच्या मागं, मेंदूत गाठ होती. बरेच महिने वाढत होती. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तरी फार काही हातात नव्हतं. त्याला ते पटलं नाही. कसं पटेल? अर्ध्या गावाचे डोळे तपासलेला माणूस, आणि ज्या डोळ्यांत रोज बघत होता तिथलंच दिसलं नाही.

शेवटी शेवटी तिला उजेड सोसेना. खिडकीच्या फटीतून तिरीप आली तरी दोन्ही हातांनी डोळे झाकून घ्यायची. वहिनींनी जाड पडदे लावले, दिव्याला कागद गुंडाळला. अंधारात चाचपडत पोरीला भरवायच्या. आणि सारखं तेच म्हणायच्या, "झालं हं. झालं. आता नाही लागणार."

वाढदिवस आला नाही.

खोकं कपाटावर तसंच राहिलं. कुणी हात लावायचं नाही. त्या घरात बोलणंही जवळजवळ बंद पडलं. मुलगा यायचा, दोन दिवस राहायचा, तिघं तीन खोल्यांत. असं वर्ष गेलं, वर काही महिने. मग तो मुलगा टीव्ही घेऊनच आला. भिंतीवर स्वतः लावला. जाताना बापाला म्हणाला, "बाबा, ते खोकं उघडा आता. त्यात ती नाहीये. पुढच्या रविवारी येतो, आपण दोघं खेळू. मला... मला घरी येववत नाही हो असं."

आठवडाभर बापाचा हात धजला नाही. शनिवारी रात्री, उद्या मुलगा येणार म्हणून, त्यानं खोकं खाली काढलं. म्हणून ती तार.

पुढचं त्यानं मला जसं सांगितलं तसं सांगतो. माझ्या पदरचं काही घालत नाही.

घरी आला तेव्हा वहिनी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्यांना न उठवता यानं सगळं जोडलं. तारेचं एक टोक टीव्हीत, एक मशीनमध्ये. मशीनवर बारीक निळा दिवा लागला आणि टीव्हीवर चित्र आलं. डोंगर, झाडं, पाणी. मला म्हणाला, "काय सांगू तुला, चाळीस वर्षं भिंगं घासली, पण इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं. वाटलं, पोरीला हे एकदा..."

मशीन एकेक विचारत गेलं. भाषा कुठली, तारीख काय, खेळणाऱ्याचं नाव काय. त्यानं "बाबा" असं टाकलं. मग पडदा काळा झाला. मधोमध एक फिकट खूण, सूर्यासारखी. वर लिहिलेलं, खोलीतले दिवे मालवा. खाली लिहिलेलं, ही खूण दिसेनाशी होईपर्यंत उजेड कमी करत जा.

त्याला हसू आलं. आयुष्यभर लोकांना विचारत आला, दिसतंय का? आता? आणि आज एक मशीन त्याला विचारत होतं. उठला, दिवा मालवला, येऊन बसला. हातातल्या त्या खेळाच्या रिमोटचं बटण दाबलं.

खूण फिकटली. आणखी दाबलं. गेली.

पण पडदा काळा झाला नाही.

डावीकडं काहीतरी करडं उरलं होतं. उभं. त्याला वाटलं, काच आहे, मागच्या कशाचं तरी प्रतिबिंब पडलंय. वळून बघितलं. मागं मोकळी भिंत.

त्यानं उजेड एक घर वाढवला. त्या करड्याला खांदे होते.

अजून एक. दोन वेण्या.

"नंबर काढताना कसं करतो मी," मला म्हणाला, "एक काच काढायची, दुसरी घालायची. तसंच चाललं होतं रे. तोंडातून आपोआप तेच येत होतं. आता बरं दिसतं की मघाशी? आता... की मघाशी?"

अजून एक.

शाळेचा स्वेटर. कोपरावरचं रफू. पडद्याला आतून नाक टेकवून ती उभी होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता. डोळे बारीक केलेले... इकडं बघत होती. शोधत होती. आणि तिला दिसत नव्हतं.

"भिंगरी..."

तिनं मान वळवली. आवाजाकडं. पण नजर त्याच्यावर आली नाही. वीतभर बाजूला गेली. सोफ्याच्या रिकाम्या बाजूकडं बघत राहिली.

"इकडे. बाळा, मी इकडे आहे. इकडे..."

उजेड वाढवला. स्पष्ट झाली. आणखी वाढवला. गालावरचा तीळ दिसला. आणखी. खोली पांढरीफटक झाली. शेवटचं घर.

तिनं दोन्ही हातांनी डोळे झाकले.

तोंड उघडलं.

आवाज नाही.

...

कमी करायला हवं, हे त्याला कळत होतं. मला म्हणाला, "अंगठा हलेना. इतकी स्पष्ट होती रे. इतकी स्पष्ट."

मागं दार वाजलं. दाराखालून उजेड गेला असणार, वहिनी उठून आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं. किंचाळल्या नाहीत. भिंतीला धरून क्षणभर उभ्या राहिल्या, मग हळूच येऊन त्याच्या शेजारी बसल्या.

"अहो."

तो पडद्याकडंच बघत होता.

"अहो, तिला त्रास होतोय."

"दिसतेय गं. बघ ना. आपली भिंगरी दिसतेय."

"हो. दिसतेय." वहिनींनी हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. "कमी करा."

"आणि गेली तर?"

वहिनींनी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला. पण आयुष्यात असलं काही हातात धरलेलं नाही. बटणांवरून नुसता अंगठा फिरवत राहिल्या.

"कुठलं दाबू?" त्यांनी विचारलं.

त्यालाच दाखवावं लागलं.

त्यानं वहिनींचा अंगठा धरला आणि त्या बटणावर नेऊन ठेवला. मग हात काढून घेतला.

एक घर. तिचे हात डोळ्यांवरच.

आणखी एक. बोटं सैल झाली.

"झालं हं," वहिनी म्हणाल्या.

आणखी. हात खाली आले. कपाळावरची आठी गेली. खिडकीचा पडदा ओढून घेतला की जायची, तशीच.

"झालं. झालं. आता नाही लागणार..."

तीळ गेला. रफू गेलं. वेण्या. खांदे. करडं काहीतरी उरलं... ते अगदी शेवटपर्यंत इकडंच तोंड करून होतं, एवढं त्याला नक्की आठवतं. मग या खेपेला ती सूर्याची खूण तेवढी मागं राहिली. मग तीही नाही.

काळा पडदा. खाली लिहिलेलं, आता दिसत नसेल तर ठीक आहे दाबा.

दोघांपैकी कुणी दाबलं नाही. तसेच बसून राहिले. पहाटे केव्हातरी, दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली तेव्हा, वहिनींनी ते दाबलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मुलगा दुपारी आला. त्याला दोघांनी काही सांगितलं नाही. खोकं उघडलेलं बघून तो दारातच रडला. मग बाप आणि मुलगा संध्याकाळपर्यंत खेळले. बापानं सगळ्या गाड्या झाडावर आपटल्या. मुलगा हसला, आणि स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "अरे, त्यांना स्कूटरसुद्धा धड येत नाही!" त्या घरात पुष्कळ दिवसांनी कुणी हसलं होतं. हेही सांगायला हवं. ते खोटं नाही.

सोमवारी माझ्या चष्म्याचा स्क्रू पिळता पिळता त्यानं मला हे सगळं सांगितलं. ऐकणारा जे म्हणतो तेच मी म्हणालो. म्हटलं, "दमला होतास. भास झाला असेल."

त्यानं मान वर केली नाही. "दोघांना एकच?"

मी चष्मा घेऊन घरी आलो.

त्या आठवड्यात न राहवून मी त्यांच्याकडं गेलो. दुपारची वेळ, टळटळीत ऊन. मित्र दुकानात होता. वहिनींनी पाणी दिलं. टीव्ही बंद होता, प्लगसुद्धा काढून ठेवलेला. मी सहज जवळ जाऊन बघितलं. काळ्या काचेवर, डावीकडं, साधारण इतक्या उंचीवर... हे बघा, इथं, माझ्या छातीशी... वाफेचा एक ठिपका होता. थंडीत काचेजवळ तोंड नेलं की धरते ना, तशी वाफ. जुन्या चवलीच्या नाण्याएवढी.

खिशातून रुमाल काढला. पुसली.

गेली नाही.

पुन्हा पुसली. जोर लावून.

"आतून आहे ती, भाऊजी," मागून वहिनी म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात. आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मी रुमाल हातात धरून तसाच उभा राहिलो.

ठिपका लहान झाला.

मग पुन्हा मोठा झाला.