तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. माझ्या वडिलांनी ती सरकारी कागदावर खोटी लिहिली, म्हणून मी सांगतोय.

१९७३. दुष्काळाचा चैत्र. यावलच्या वर सातपुडा महिनाभर जळत होता. खाली फैजपूरच्या केळीच्या पानांवर राख पडायची.

वडील जंगलखात्यात गार्ड. सगळे त्यांना नाना म्हणत. वणवा अडवायला समोरून दुसरी आग लावतात. पण आधी तीन हाका द्यायच्या. आत मोहफुलं वेचणारं कुणी असलं तर ओ देतं.

त्या दुपारी नानांनी दोनच दिल्या.

"नाना, आखो एक," मजूर झुलाल म्हणाला. "भागी सकायमाच मोहाखाले गयेल शे."

"तुझी बायको केव्हाच घरी पोचली असेल. वारा फिरलाय. तिच्यासाठी डोंगर जळू देऊ का?"

काडी ओढली.

आग चढली...

मग आतून ओ आली.

"थांबा नाना... मी येस..."

हे झुलालने मला सांगितलं. नानांनी लिहिलं ते असं :

*मोहफुले वेचणाऱ्या स्त्रीने पाला पेटविल्याने वणवा लागला. सदर स्त्री मयत.*

खाली सही.

भागी ज्याखाली होती, तो मोह कोळसा झाला. फूल नाही, पान नाही. आठ दिवसांनी नाना गस्तीला गेले, तर झाडाखालची राख...

झाडलेली.

गोल. फुलं वेचायच्या आधी बाया झाडतात तशी. पावलं कुठेच नाहीत.

दुसऱ्या दिवशीही.

झुलाल दारात आला. "कागद बदला नाना. आग तिनी नही लायी. गाव तिले आगलावी म्हणस."

"नोकरी जाईल माझी."

"मनी ते बायको गयी."

नानांनी दार लावलं.

७८ साली नाना गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडायला मी सगळ्यांच्या पुढे होतो. चितेची राख...

झाडलेली होती. अस्थी एका कडेला. मोहफुलांचा लावतात तसा नीट ढीग.

नानांच्या जागी मी लागलो. तो कागद आता कचेरीत माझ्याच कपाटात आहे. बदलायला म्हणून दोनदा काढला. दोनदा परत ठेवला. घर याच नोकरीवर चालतं.

गेल्या चैत्रात पुन्हा वणवा. मी हाक दिली. एक. काही नाही. दोन. काही नाही.

तीन...

"थांबा... मी येस..."

हातातली काडी विझली. मी थांबलो. संध्याकाळपर्यंत थांबलो.

कुणी आलं नाही. डोंगर जळाला.

अहवालात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं : *मोहफुले वेचणाऱ्यांनी...*

आणि मागे, कचेरीच्या फरशीवर, कुणीतरी झाडू लागलं.